मॉरिशसला वाढ मिळते, मडगावला नाही: ब्रिटनच्या निवृत्तिवेतन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कार्य व निवृत्तिवेतन मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

प्रत: मा. परराष्ट्रमंत्री आणि मा. वाणिज्य मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

एप्रिल २०२६ पासून ब्रिटनच्या पूर्ण नव्या स्टेट पेन्शनचा (वर्गणीच्या नोंदीवर मिळणाऱ्या सरकारी निवृत्तिवेतनाचा) दर आठवड्याला २३०.२५ पौंडांवरून २४१.३० पौंड झाला. वाढ ४.८ टक्के. लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅममधल्या निवृत्तांना ती आपोआप मिळते. पॅरिस, न्यूयॉर्क आणि मनिलात राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांनाही मिळते. पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा मडगावला राहणाऱ्याला मात्र पहिल्या दिवशी जी रक्कम ठरली तीच शेवटच्या दिवसापर्यंत मिळणार. आपल्या खात्याच्या भाषेत हे ‘वाढ लागू नसलेले देश’. आमच्याकडे याला साधे नाव आहे: गोठवलेली पेन्शन.

हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी काहींनी ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत, कारखान्यांत, बस डेपोंत आणि पुढे संगणक कंपन्यांत नोकरी केली. काही जण अशा लोकांचे पेन्शनचे कागद भरून देतात. या कोष्टकांशी आणि नियमांशी आमचा रोजचा संबंध आहे. पत्र मराठीत लिहिले, कारण ज्यांचे पैसे कापले गेले आणि जे अजून तिथे नोकरी करून परत यायच्या बेतात आहेत त्यांना हे आधी समजायला हवे. इंग्रजी प्रत टपालाने स्वतंत्र पाठवत आहोत.

आधी हिशेब, कारण या विषयात सगळे त्यातच आहे.

एप्रिल २०१६ मध्ये नवी स्टेट पेन्शन सुरू झाली तेव्हा पूर्ण दर १५५.६५ पौंड होता. त्या महिन्यात पुण्यातून अर्ज करून पूर्ण पेन्शन घेतलेल्या माणसाला आजही १५५.६५ पौंडच मिळतात. तेवढीच वर्षे, तेवढीच वर्गणी भरून ब्रिटनमध्ये राहिलेल्या त्याच्या सहकाऱ्याला २४१.३०. फरक आठवड्याला ८५.६५ पौंड, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४,४५४ पौंड. २०१७-१८ पासून २०२५-२६ पर्यंतच्या नऊ वर्षांत प्रत्येक वर्षी हुकलेली वाढ मिळवली, तर बेरीज साधारण १४,९०० पौंड होते. पौंडाला शंभर रुपये एवढाच भाव धरला तरी ते पंधरा लाखांच्या घरात जाते.

एप्रिल २०१६ च्या आधी निवृत्तीवय गाठलेल्या, जुन्या मूळ पेन्शनवाल्यांचे याहून वाईट. २००० मध्ये जो ६७.५० पौंडांवर गोठला, त्याच्या बरोबरीच्या माणसाला ब्रिटनमध्ये आता १८४.९० मिळतात. म्हणजे इथल्या माणसाच्या हातात शंभरातले सदतीससुद्धा नाहीत. आणि हा माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. ज्या वयात मेडिक्लेमचा हप्ता सर्वात जड होतो, औषधांचे बिल दर महिन्याला येते आणि घरी दिवसरात्र सांभाळणारे कोणी ठेवावे लागते, त्याच वयात त्याची पेन्शन सर्वात जास्त मागे पडलेली असते. या धोरणाचा सर्वात मोठा दोष आम्हाला हाच वाटतो. कापाकापी करणाऱ्या कुठल्याही योजनेत निदान सगळ्यात अशक्त माणसाला शेवटी हात लावतात. इथे जितके आयुष्य लांबेल तितका तोटा वाढतो.

कुणी म्हणेल, रुपया घसरतो, म्हणून तेच पौंड भारतात जास्त होतात. विनिमयदर ही महागाईची भरपाई नव्हे. २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या कौलानंतर पौंड कोसळला, तेव्हा इथल्या पेन्शनरांचे रुपये एका रात्रीत कमी झाले. त्या वेळी आपल्या खात्याने फरक भरून दिला नव्हता.

आता कोणाला वाढ मिळते आणि कोणाला नाही, ते पाहू. युरोपीय संघातले देश, नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड, जिब्राल्टर, अमेरिका, फिलिपीन्स, इस्रायल, तुर्कस्तान, जमैका, बार्बाडोस, बर्म्युडा, मॉरिशस, आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातले काही देश यांना वाढ आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, केनिया यांना नाही. फॉकलंड बेटांवर तर ब्रिटनचाच झेंडा आहे, पण तिथल्या पेन्शनरालाही वाढ नाही. सगळे मिळून चार लाखांहून जास्त निवृत्त या दुसऱ्या यादीत आहेत. बहुतेक ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये. भारताचा वाटा त्या मानाने लहान.

या यादीमागे कोणता नियम आहे? गरिबी-श्रीमंती म्हणावी, तर अमेरिका आत आणि कॅनडा बाहेर. राष्ट्रकुल म्हणावे, तर जमैका आत आणि भारत बाहेर. अंतर म्हणावे, तर मनिला आत आणि मुंबई बाहेर. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा समाज आहे आणि ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांनी तिथून परिचारिका नेल्या. त्यांतली एखादी निवृत्त होऊन मॉरिशसला परतली, तर तिची पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. तिच्याच वॉर्डात काम केलेली रत्नागिरीची परिचारिका घरी परतली, तर वाढत नाही.

गोव्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेली गोव्याची माणसे स्विंडन, साउथॉल, हेज इथल्या गोदामांत, कारखान्यांत आणि विमानतळावर वर्षानुवर्षे राबत आहेत. त्यांच्यातला एखादा म्हातारपणी लिस्बनला राहायला गेला, तर दरवर्षी वाढ घेईल. तोच माणूस मडगावला आपल्या आईवडलांच्या घरात राहायला आला, तर पेन्शन गोठेल. माणूस तोच, नोकरी तीच, पगारातून झालेली कपात तीच.

कपातीचा मुद्दा सोडता येणार नाही. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे ज्यातून पेन्शन ठरते ती पगारातून कापली जाणारी वर्गणी, ऐच्छिक नव्हता. पुढे भारतात परतणार आहे म्हणून कोणाची कपात कमी दराने झाली नाही. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षांची नोंद लागते, किमान १० वर्षे लागतात. परत आलेल्यांपैकी अनेकांची नोंद अर्धवट असते: वीस वर्षांची असेल, तर आजच्या दराने आठवड्याला साधारण १३८ पौंड. म्हणजे आधीच तुटपुंजी रक्कम, तीही गोठलेली.

परदेशात राहून उरलेली वर्षे स्वखर्चाने भरण्याची सोय होती. २०२५-२६ मध्ये नॅशनल इन्शुरन्सच्या दुसऱ्या वर्गाची (‘क्लास २’) वर्गणी आठवड्याला ३.५० पौंड होती, म्हणजे वर्षाला १८२. परदेशातल्या काळासाठी ही सोय ६ एप्रिल २०२६ पासून आपण बंद केली. आता महागडा तिसरा वर्ग (‘क्लास ३’) उरला. २०२५-२६ च्याच दराने तो आठवड्याला १७.७५, वर्षाला ९२३ पौंड, म्हणजे पाचपट. शिवाय ब्रिटनमधल्या वास्तव्याची किंवा वर्गणीची अटही दहा वर्षांवर नेली. पैसे घेताना आपण परदेशातल्या माणसाला पूर्ण दर लावता. देताना मात्र त्याचा पत्ता पाहता.

आपल्या खात्याची उत्तरे आम्हाला पाठ आहेत. त्यांतल्या तिन्हींना इथे उत्तर देतो.

पहिले उत्तर असते: वाढ देण्यासाठी त्या देशाशी परस्पर करार असावा लागतो, आणि असे नवे करार न करण्याचे धोरण आहे. याचा पहिला अर्धा भाग कायद्याला धरून नाही. वाढ रोखली जाते ती देशांतर्गत नियमांनी. १९७५ च्या परदेशस्थांविषयीच्या नियमावलीतला पाचवा नियम जुन्या पेन्शनला लागू होतो आणि नव्या पेन्शनसाठी २०१४ च्या पेन्शन कायद्याचे विसावे कलम तशी मुभा देते. दरवर्षी वाढीचा आदेश निघतो. त्यासोबत एक छोटी नियमावली निघते, आणि तिच्यात ही नवी वाढ परदेशस्थांना लागू नाही असे सांगणारे कलम असते. ते कलम बदलायला भारत सरकारची सही लागत नाही, नवा कायदा लागत नाही. आपली सही आणि संसदेची संमती पुरते. उत्तराचा दुसरा अर्धा भागही टिकत नाही. ब्रेक्झिटनंतर युरोपीय संघाशी झालेल्या २०२० च्या करारात आणि स्वित्झर्लंडशी २०२१ मध्ये झालेल्या करारात आपण पेन्शनवाढ कायम ठेवलीच. इच्छा होती तिथे करार झाले.

दुसरे उत्तर न्यायालयाचे. ॲनेट कार्सन या ब्रिटिश पेन्शनर दक्षिण आफ्रिकेत राहत होत्या आणि वाढीसाठी न्यायालयात गेल्या. त्यांचा खटला २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, हरला आणि १६ मार्च २०१० रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी भेदभाव झाला नाही असा निकाल दिला. हा निकाल आम्ही लपवत नाही. पण एखादे धोरण मानवी हक्कांच्या कराराचा भंग करत नाही, एवढ्यावरून ते न्याय्य ठरत नाही. न्यायालयाने हा विषय सरकारच्या आणि संसदेच्या अखत्यारीत ठेवला. म्हणूनच हे पत्र न्यायाधीशांना नाही, आपल्याला आहे.

तिसरे उत्तर पैशांचे. सगळ्यांना आजच्या पूर्ण दरावर आणायचे, तर वर्षाला साधारण ९० कोटी पौंड लागतील असा सरकारचा अंदाज सांगितला जातो. रक्कम मोठी आहे, हे मान्य. म्हणून खाली जी मागणी केली आहे तिच्यात ती रक्कम एकदम मागितलेली नाही. पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. भारतात राहणारा ब्रिटिश पेन्शनर आपल्या सरकारी इस्पितळाची खाट अडवत नाही, घरभाड्याची मदत घेत नाही, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी जादा मदत) घेत नाही. त्याचे म्हातारपण भारतातले नातेवाईक, भारतातले डॉक्टर आणि त्याची स्वतःची बचत सांभाळते. तो उद्या कायमचा ब्रिटनला परतला, तर पेन्शन तात्काळ चालू दरावर जाते आणि वरचा सगळा खर्चही सुरू होतो.

तात्पुरत्या भेटीतही दर बदलतो, हे फार थोड्यांना माहीत असते. मुलांकडे दोन महिने लंडनला गेलेला पेन्शनर तेवढे दिवस वाढीव दराला पात्र असतो. त्यासाठी येण्याजाण्याच्या तारखा खात्याला कळवाव्या लागतात. परत आला की रक्कम जुन्या आकड्यावर. आपल्या खात्याची यंत्रणा एकाच माणसाचा दर त्याच्या विमानाच्या तारखांप्रमाणे वरखाली करू शकते. म्हणजे अडचण यंत्रणेची नाही.

आता ज्यांना अजून निवृत्त व्हायचे आहे त्यांच्यासाठी थोडे, कारण हे पत्र तेही वाचतील. पेन्शन आपोआप सुरू होत नाही. निवृत्तीचे वय ६६ होते, ते एप्रिल २०२६ पासून टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे. त्याआधी चार महिन्यांत आंतरराष्ट्रीय पेन्शन केंद्राकडे अर्ज करता येतो. उशीर झाला तर मागची रक्कम जास्तीत जास्त बारा महिन्यांची मिळते. अर्जात बँकेचा तपशील चुकण्याचे प्रमाण मोठे आहे: युरोपात आयबॅन क्रमांक असतो, भारतीय बँकांना तो नाही, त्यामुळे स्विफ्ट कोड आणि पूर्ण खाते क्रमांक नीट द्यावा लागतो. नॅशनल इन्शुरन्सच्या नोंदीत माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आणि बँकेत वडलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह तिसरेच, अशी स्थिती असेल तर अर्ज हमखास अडकतो. लग्नाचा दाखला सोबत जोडावा. पैसे दर चार किंवा तेरा आठवड्यांनी येतात. तेरा आठवड्यांचा पर्याय घेतला, तर बँकेचे शुल्क कमी वेळा कापले जाते.

पेन्शन उशिरा सुरू केली, तर दर नऊ आठवड्यांमागे एक टक्का वाढ मिळते, म्हणजे वर्षाला सुमारे ५.८ टक्के. हे खरे आहे. पण अशाने गोठवणे टळते हा समज चुकीचा आहे. भारतात राहून थांबलेल्याची ती जादा रक्कम निवृत्तीवयाच्या किंवा देश सोडल्याच्या तारखेच्या, जी नंतरची असेल तिच्या, दरावर मोजतात. आणि पेन्शन सुरू झाल्यावर ती जादा रक्कमही तशीच राहते.

हे सगळे सरकारी संकेतस्थळावर आहे. पण ते शोधायला प्रश्न आधी ठाऊक असावा लागतो. पेन्शनचा अंदाज पाहणाऱ्याला आकडा दिसतो, आणि तो आकडा गृहीत धरून माणूस घर विकतो, सामान बांधतो, परततो. पहिला एप्रिल गेल्यावर, कधी दुसरा गेल्यावर, त्याच्या लक्षात येते की रक्कम हललेलीच नाही.

हयातीच्या दाखल्याचाही त्रास आहे. फॉर्म साध्या टपालाने येतो, त्यावर नातेवाईक नसलेल्या मान्य साक्षीदाराची सही घ्यावी लागते आणि तो टपालानेच परत पाठवायचा. वाटेत हरवला किंवा उशिरा पोहोचला, की पेन्शन थांबते. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाला ती पुन्हा सुरू करून घ्यायला परदेशी फोन करावे लागतात. भारतात २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही बोटाच्या ठशावर चालणारी डिजिटल सोय आहे. इथले निवृत्त ती पोस्टात, बँकेत आणि घरबसल्या वापरतात.

आमच्या मागण्या अशा:

१. येत्या एप्रिलपासून पुढची प्रत्येक वाढ गोठवलेल्या सर्व देशांतल्या पेन्शनरांना लागू करा. आज ज्याची जी रक्कम आहे तिच्यावरच टक्केवारी द्या. मागची थकबाकी आम्ही या मागणीत धरलेली नाही. १५५.६५ पौंडांवर ४.८ टक्के म्हणजे आठवड्याला साडेसात पौंडांहून कमी. त्याचा बोजा ९० कोटींच्या जवळपासही जात नाही.

२. ऐंशी ओलांडलेल्यांना त्यांच्या नोंदीप्रमाणे चालू दरावर आणण्याचे वेळापत्रक संसदेत मांडा. सर्वात जुने गोठलेले आधी घ्या. त्यांच्याकडे वाट पाहण्याइतका वेळ नाही.

३. पेन्शनच्या अंदाजाच्या पानावर, आकड्याच्या शेजारीच, ‘या देशांत राहिल्यास ही रक्कम पुढे वाढणार नाही’ असे देशांच्या नावांसह छापा. तिसऱ्या वर्गाची वर्गणी परदेशातून स्वीकारताना तीच सूचना द्या आणि ती वाचल्याची सही घ्या.

४. हयातीच्या दाखल्यासाठी डिजिटल पडताळणी स्वीकारा आणि पेन्शन थांबवण्यापूर्वी ईमेल व फोनने एकदा तरी कळवा.

दोन शब्द नवी दिल्लीसाठी. ६ मे २०२५ रोजी भारत-ब्रिटन मुक्त व्यापार कराराची घोषणा झाली, तेव्हा तात्पुरत्या कामासाठी ब्रिटनला जाणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत तिथल्या वर्गणीतून सूट देणाऱ्या वेगळ्या समझोत्याचीही घोषणा झाली. कंपन्यांना आणि थोड्या काळासाठी जाणाऱ्या तरुणांना त्याचा फायदा आहे, आणि तो चांगलाच आहे. पण वीस-तीस वर्षे वर्गणी भरून परतलेल्यांच्या पेन्शनवाढीला त्या घोषणेत जागा मिळाली नाही. जर्मनी, फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. असे करार कसे करायचे हे आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. ब्रिटनशी होणाऱ्या पुढच्या प्रत्येक बैठकीत हा विषय लेखी कार्यसूचीवर घ्यावा, आणि भारतात राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांची संख्या व त्यांची सरासरी रक्कम ब्रिटनकडून मागवून संसदेत ठेवावी. कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान १,००० रुपयांची रक्कम २०१४ पासून जशीच्या तशी आहे, हेही आम्ही विसरलेलो नाही. गोठवलेली पेन्शन आपल्या घरातही आहे आणि तिच्यासाठी लढणारे वृद्ध रस्त्यावर बसले आहेत. पण म्हणून लंडनकडे मागण्याचा आपला हक्क कमी होत नाही.

मंत्रिमहोदय, पुढच्या वाढीचा आदेश आणि त्यासोबतची नियमावली नेहमीप्रमाणे वर्षारंभी संसदेपुढे येईल. पहिल्या मागणीसाठी त्यातले एक कलम बदलावे लागेल. ते बदलणार की नाही, आणि नसल्यास अमेरिका, मॉरिशस व पोर्तुगालमधल्या पेन्शनरांपेक्षा भारतातला पेन्शनर नेमका कोणत्या बाबतीत वेगळा आहे, याचे लेखी उत्तर मसुदा तयार होण्याआधी द्यावे, ही विनंती.

आपले,
ब्रिटनची स्टेट पेन्शन घेणारे आणि त्यांचे कागद सांभाळणारे काही जण
पुणे, नाशिक आणि मडगाव